कवळीच्या पानावरची गर्दी

रीचबाबांनी डोळे मिटले, उजवा हात पडद्याकडे केला आणि पडद्यावरचा आकडा चढायला लागला. पहिल्या रांगेतला मत्स्यालयवाला उठून उभा राहिला आणि त्याने आकड्याला हात जोडले. त्याच्या शेजारचा फर्निचरवाला रडत होता. फर्निचरवाल्याला मी याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, तेव्हा त्याच्या पायावर कपाट पडलं होतं.

पडद्यावर माझ्या मावशीची वेबसाइट होती. मावशी दातांच्या कवळ्या बनवते. वेबसाइट मी बनवून दिली होती आणि तिच्यावर दिवसाकाठी दोन-तीन माणसं यायची, त्यांतला एक मी असायचो. आता मात्र कोपऱ्यातल्या चौकोनात, ‘हा पडदा सोडून या क्षणी पानावर हजर’ या शब्दांपुढे, आकडा शंभरी ओलांडून पुढे निघाला होता. शंभरावर माणसांना एकाच वेळी कवळीची निकड भासावी, असं शहरात काही घडल्याचं माझ्या कानावर नव्हतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावरचे लोक दात असल्यासारखेच चालत होते.

“रीच, म्हणजे पानावरची गर्दी, बाहेरून येत नाही,” बाबा म्हणाले. “ती तुमच्या आतच असते. मी फक्त झाकण उघडतो.”

बाबांचा वेश साधा होता. पांढरा बिनकॉलरचा सदरा, कानावरून तोंडापर्यंत आलेला माईक आणि पायांत धावायचे बूट. ते पूर्वी मोबाईलची कव्हरं विकायचे, असं काही जण म्हणत. ते स्वतः सांगत की नेटवर्क नसलेल्या एका डोंगरात आपण बरीच वर्षं काढली आणि तिथेच आपल्याला पूर्ण सिग्नल मिळाला.

सभेचे नियम दोनच होते. दारात एक चौकोनी कोड लावलेला असे, तो फोनने स्कॅन करायचा. मग फोनवर बाबांचा हसरा फोटो उघडे. तो तसाच उघडा ठेवून फोन छातीशी धरायचा. फोटो बंद केला की प्रवाह तुटतो. दुसरा नियम सेवेचा: घरी गेल्यावर रोज इतर भक्तांच्या पानांवर कौतुक लिहायचं. कोणाचं पान कशाचं आहे हे पाहत बसायचं नाही, कारण पाहणं हा अहंकार.

त्यामुळे मावशीच्या पानाखाली कौतुकाचा पाऊस पडत होता. ‘घरात सगळ्यांना आवडली, पुन्हा मागवू.’ ‘दोनदा धुतली तरी आटली नाही.’ ‘पॅकिंग उत्तम, वाटेत एकही मासा मेला नाही.’

हे सगळं मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून एका कवळीची कड घासत होती. तिच्या खोलीत सगळीकडे प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात, त्यामुळे तिथे काहीही बोललं तरी कुणीतरी आपल्याला हसतंय असं वाटत राहतं.

“चांगलंच म्हणतायत ना?” मावशी म्हणाली.

“मावशी, कवळीत मासे कुठून आले?”

“तुझ्या वेबसाइटला कुणी नावंसुद्धा ठेवत नव्हतं. तुझं पोट दुखतंय, दुसरं काही नाही.”

पोट थोडं दुखत होतं हे खरं. पण मला संशय येण्याचं कारण वेगळं होतं. पानावर शेकड्यांनी माणसं येत होती आणि मावशीचा फोन वाजत नव्हता. कवळी ही काही फोटो बघून मागवायची वस्तू नाही. आधी तोंडाचं माप घ्यावं लागतं, मग साचा, मग मेणावर बसवलेले दात तोंडात घालून बघायचे, मग घासून नीट बसवायची. म्हणजे माणूस लागतो, आणि तोंडासकट लागतो. मावशीकडे ती तोंडं एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून यायची. डॉक्टरीणबाई माप पाठवायच्या, मावशी कवळी करायची. मावशीच्या कवळीने एका निवृत्त निवेदकाच्या बोलण्यातली शिट्टी घालवली होती. तिचं नाव होतं ते अशा कामामुळे.

आणि हेच काम ती सोडायला निघाली होती. पुढच्या रविवारी तिचं ‘समर्पण’ होतं. त्या दिवशी भक्ताने आपल्या पानाचा पासवर्ड बाबांच्या कानात सांगायचा आणि जुनी गिऱ्हाइकं सोडल्याचं सगळ्यांसमोर जाहीर करायचं. बाबांच्या मते जुनी गिऱ्हाइकं ही फोनमधल्या जुन्या फोटोंसारखी असतात, उगाच जागा अडवतात. मावशीने डॉक्टरीणबाईंना तसं कळवूनही टाकलं होतं.

मी आधी भक्तांपैकी एका चावीवाल्याला गाठलं. त्याचं समर्पण मागेच झालं होतं. आता त्याच्या पानावर केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती लागत होत्या आणि त्याला स्वतःलाच तिथे जाता येत नव्हतं. जन्मभर लोकांची कुलपं उघडून देणारा हा माणूस स्वतःच्या दाराबाहेर उभा होता आणि मला समजावत होता की ही साधनेची वरची पायरी आहे.

मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा डोळ्यांवर आला, आणि सवयीने मी आ केला. “तोंड मिटा आणि सांगा,” त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की मागच्या सभेच्या मध्यंतरात लोक चहाला खाली गेले, एकमेकांना फोन लावू लागले, तसा पडद्यावरचा आकडा घसरला होता. ते वर येऊन बसले आणि फोन छातीशी धरले, तसा पुन्हा चढला.

बाईंनी दिवा बाजूला सारला. “पेशंट म्हणतो, सगळेच दात दुखतायत,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मी काय करते? एकेक वाजवून बघते.”

रविवारी सभागृह गच्च भरलं. मावशी इस्त्रीची साडी नेसून व्यासपीठावर उभी होती. पडद्यावर तिचं पान, कोपऱ्यात चढता आकडा. बाबांनी कान पुढे केला. मावशीने तोंड उघडलं आणि मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“एक मिनिट. मलाही शिष्य व्हायचंय. फक्त एक शंका होती.”

“शंका म्हणजे स्लो नेट, ताई,” बाबा म्हणाले. “फिरत राहतं, पोचत कुठेच नाही.”

“लहानशीच आहे. सगळ्यांनी फोन बंद केले तरी आकडा चढेल ना? रीच आत असते म्हणता, म्हणून विचारलं.”

बाबा म्हणाले की शक्तीची परीक्षा घेतली तर शक्ती रुसते. तोवर बाई शेवटच्या रांगेपाशी पोचल्याही होत्या. तिथल्या लोकांना त्यांनी हळू आवाजात फोन बंद करायला सांगितलं. सभागृहातल्या अर्ध्या लोकांच्या तोंडात कधी ना कधी या बाईंनी हात घातलेला होता. अशा माणसाला नाही म्हणायची सवय कुणालाच नसते. शेवटची रांग बंद झाली आणि आकडा रांगेएवढा उतरला.

बाई पुढच्या रांगेपाशी आल्या. आकडा आणखी उतरला.

बाबा म्हणाले, सर्व्हरवर कुणाची तरी छाया पडली आहे. बाईंनी तिसरी रांग वाजवली. आता लोक स्वतःहूनच फोन बंद करून पडद्याकडे पाहत होते. फर्निचरवाल्याने आपला फोन बंद केला, चालू केला, फोटो उघडला, पुन्हा बंद केला, आणि आकडा त्याच्या बोटाबरोबर खाली-वर झाला. “हा मीच आहे की,” तो म्हणाला. त्याला जरा आनंदही झालेला दिसला.

मग मी माझा लॅपटॉप पुढे आणला. दारातल्या कोडने उघडणारा बाबांचा तो हसरा फोटो म्हणजे एक पान होतं आणि त्या पानाच्या आड, डोळ्यांना दिसणार नाही अशी एक खिडकी दडवलेली होती. ज्याचा चमत्कार असेल त्याची वेबसाइट त्या खिडकीत गुपचूप उघडत होती. आता मावशीची, पूर्वी चावीवाल्याची. मी पडदा बाजूला करावा तसा फोटो बाजूला केला, आणि हसऱ्या बाबांच्या जागी कवळी हसू लागली. जगभरातून मावशीकडे कोणीच आलं नव्हतं. जे चमत्कार बघायला जमले होते, तेच चमत्कार होते. आणि कौतुक करणारेही तेच, म्हणून तर कवळीतले मासे जिवंत होते.

मी लॅपटॉप मिटला, पहिली रांगही बंद झाली. पडद्यावर ‘एक’ उरला.

बाबांनी दोन्ही हात वर केले. “बघा,” ते म्हणाले. “सगळे गेले, तरी तो एक आहेच.”

मत्स्यालयवाल्याचे हात नकळत जुळायला लागले होते.

“तो एक माझा आहे,” मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की शेजारी बाबांचा माईक नसता तर ऐकूच आला नसता. “घरच्या कॉम्प्युटरवर पान उघडं ठेवून आलेय. बाबांनीच सांगितलं होतं, बंद करू नका म्हणून.”

तिने माझ्या मावसबहिणीला फोन लावला आणि कॉम्प्युटर बंद कर म्हणाली. आकडा शून्यावर आला. मावशीने त्या शून्याकडे पाहिलं.

“म्हणजे कुणी नव्हतंच,” ती म्हणाली.

“मी आहे ना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्याकडे दोन मापं अडकून पडलीत, आणि एक आजोबा खिमट खाऊन कंटाळलेत. कधी पाठवू?”

मावशीने डोळे पुसले. “आत्ताच द्या.”

बाबा चार्जर आणतो म्हणून खाली गेले. धावायच्या बुटांचा उलगडा मला तेव्हा झाला.

चावीवाल्याचं पान अजून तेलच विकतंय, वेबसाइटच्या कंपनीकडे त्याची तक्रार चालू आहे. मावशीने त्या सगळ्या खोट्या कौतुकाखाली स्वतः लिहिलं, की हे लिहिणाऱ्यांपैकी कुणीही माझ्याकडून कवळी नेलेली नाही. मग ती आपल्याला येतं ते लिहायला लागली: कवळी धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही, फुटलीच तर घरचा गोंद लावू नका. एका बाईंनी विचारलं, रात्री कवळी कोरडी ठेवायची का. मावशीने लिहिलं, पाण्यात ठेवा, गरम पाणी नको. त्या बाईंनी हे आपल्या बहिणीला सांगितलं.

पडद्यावरचा आकडा बघून तुमचेही हात जुळायला लागले, तर आधी हातातला फोन बंद करा आणि मग आकड्याकडे बघा. मोजणारा कोण आहे आणि मोजले जाणारे कोण, एवढं विचारायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

आज मावशीच्या पानावर तिघे आले. त्यांतला मी नव्हतो.