बिनतारखेचा फ्लेक्स

अंकुश हे लिहिणारच नव्हता. तीनदा मोबाईलवर लिहिलं, तीनदा पुसलं. ह्यात त्यानं एक असं केलं, जे स्वतःच्या मायलेही सांगितलं नाई. पण डोक्यातून जात नाई, म्हणून बसला शेवटी.

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात स्टँडमागं त्याचं फ्लेक्सचं दुकान. डिझाईन इथं, छपाई वर्ध्याले. शिकला सगळं यूट्यूबवर. वाढदिवसाच्या पोराले गॉगल लावून देणं, मेलेल्या म्हाताऱ्याच्या फोटोतून बाजूच्याचा खांदा काढणं, हे काम त्याच्यावानी कोणाले जमत नाई.

मार्चातल्या एका दुपारी गल्लीत घरकाम करणारी देवकाबाई एका म्हातारीले हात धरून दुकानात घेऊन आली. म्हातारीनं तोंड दुपट्ट्यानं गच्च बांधलं होतं, वरून काळा चष्मा. उन्हाचं इकडं सगळ्याच बाया तोंड बांधून फिरतेत, त्यात काही नवल नाई. म्हातारीनं पिशवीतून एक पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

पुठ्ठ्यावर काळापांढरा फोटो होता. खांद्यावरून मागं वळून पाहणारी एक बाई, कपाळावर एक बट. आणि डोळे असे का वाटावं, आपल्याच मागं कोणी उभं आहे. मान वळवून पाहावंच लागते.

"कोन हाये हे?" अंकुशनं विचारलं.

"यामिनी. मेली थे," म्हातारी म्हणाली. "श्रद्धांजलीचा बनव. सहा बाय चार."

यामिनी! त्याच्या आज्यानं ह्या जुन्या नटीच्या किती गोष्टी सांगितल्या होत्या. तिचा पिक्चर वर्ध्याले लागला तं सिंदीच्या कापूस जिनिंगचे मजूर काम टाकून मालगाडीवर चढून गेलते. अंकुशनं ठेवणीतला नमुना उघडला. समई, कमळ, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"तारीख कोनती टाकू?"

"मोकळी ठेव."

"अवो मावशी, तारखेबिगर कसं जमन?"

"तूच भरजो मागून. लय दिवस नाई लागनार."

तेव्हा त्याले समजलं, यामिनी म्हणजे हीच म्हातारी. त्यानं तारखेची जागा मोकळी सोडली.

"खाली 'शोकाकुल' लिहिलं हाये," तो म्हणाला. "तिथं कोनाची नावं?"

"कोनाचीच नोको."

"जागा खाली दिसते न."

म्हातारीनं चष्मा त्याच्याकडं वळवला. मग म्हणाली, "मंग तुहं टाक."

तिचं खरं नाव पद्मा. अल्लीपूरची पोरगी. सतराव्या वर्षी मुंबईले गेली, तिथं तोंडातलं 'मले-तुले' काढायलेच सहा महिने गेले, आणि म्हातारपणी ते आपोआप परत आलं. अकरा वर्षांपूर्वी ती सिंदीले आपल्या बहिणीकडं राहायले आली, पद्मा म्हणूनच; यामिनी म्हणून कोणी ओळखलं नाई. बहीण गेल्यावर तिचा पोरगा प्रभाकरराव, रिटायर क्लार्क, त्यानं मागच्या दोन खोल्या तिलेच राहू दिल्या. दोन वर्षांपूर्वी दुखणं आलं. चेहऱ्याचं दुखणं. तेव्हापासून घरात आरसा नाई, दार सताड उघडं नाई. तोंड पाहायची ती फक्त देवकाबाई.

डिझाईन दाखवायच्या निमित्तानं अंकुश जायले लागला, मग बिननिमित्तानं. ती कधी हसवे. "तुह्या फोटोशॉपवाल्याइनं काय केलं असतं रे? आमी बर्फानं तोंड शेकून कॅमेऱ्यापुढं जात होतो." असंच बोलता बोलता एक दिवस म्हणाली, "मले मरायचं भेव नाई. मेल्यावर तोंड उघडतेत, त्याचं हाये."

खरंच आहे. उचलायच्या आधी तोंडावरचं कापड काढतेत, पाणी देतेत, तुळशीचं पान ठेवतेत, सगळे येऊन शेवटचं पाहतेत. आता तं हातात मोबाईलही असतो.

"बंगला गेला. मानूस गेला. लोकाइच्या डोक्यात माहा एक चेहरा तेवढा राह्यला हाये. थो पुसू नोको देऊ, अंकुश. पाया पडते तुह्या."

आणि ती खरंच वाकली. एकोणऐंशी वर्षांची बाई. अंकुशनं पाय पलंगाखाली ओढले. "नाई उघडू देत," तो म्हणाला. "काही झालं तरी."

आणि त्याच आठवड्यात त्यानं रोशनले सांगून टाकलं.

काऊन सांगितलं? पोटात मावलं नाई, दुसरं काही नाई. रोशन पहिलीपासूनचा दोस्त. बातम्यांचा यूट्यूब चॅनेल चालवते, चारशे बारा सबस्क्रायबर.

"अबे, यामिनी? जित्ती? अन आपल्या गल्लीत?"

"कोनाले सांगजो नोको."

"मी कायले सांगू बे कोनाले."

त्यानं कोणाले सांगितलं नाई. तिसऱ्या दिवशी तो मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. देवकाबाई तिचे केस विंचरत होती, दुपट्टा पलंगावर पडला होता. अठरा सेकंदांचा व्हिडिओ. तिनं मोबाईल पाहिला. ओरडली नाई. भिंतीकडं तोंड करून बसली, आणि त्या दिवसापासून अन्न सोडलं.

अंकुश मायच्या हातचं पातळ वरण घेऊन गेला. दाराले आतून कडी.

"मावशी, दोन घोट घ्या."

"तूच सांगतलं ना?" आतून आवाज आला.

अंकुशनं वरणाचा डबा उंबऱ्यावर ठेवला.

"फ्लेक्स तयार ठेव," ती म्हणाली. त्यानंतर तिचा आवाज त्यानं ऐकला नाई. रोज गेला. वरण रोज वापस आणलं.

रोशनची त्यानं भर चौकात कॉलर धरली. "काढून टाक थो व्हिडिओ!"

"टाकला कुठं अजून? मेल्यावर टाकीन. जित्तेपनी टाकला तं पाप लागन न बे." रोशन हे गंमत म्हणून नाई, मनापासून म्हणाला. अंकुशनं मारलं नाई. कारण तो खिडकीपाशी पोचला, तो रस्ता अंकुशनंच दाखवला होता.

नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

दहा वाजेपर्यंत आंगण भरलं. प्रभाकररावानं सकाळीच नाव सांगितलं होतं, तं जे कधी फाटकाच्या आत आले नाई तेही आले. 'यामिनी होती म्हणे, यामिनी!' मोबाईल वर झालेच होते. सगळ्यात पुढं रोशन. तिरडी दाराच्या आत, तोंडावर पांढरं कापड.

अंकुश प्रभाकररावापाशी गेला. "काकाजी, तोंड नोका उघडू. तिनं सांगतलं होतं."

"मढ्याचं तोंड झाकून नेतेत का बे कुठं? पानी काय कानातून देऊ?"

"पानी द्या. लोकाइले नोका दाखवू."

"लोक काय म्हनतीन? काहीतरी लपवलं म्हनतीन. हट बाजूले."

अंकुश पळत दुकानात गेला. वर्ध्याहून छापून आलेला फ्लेक्स कोपऱ्यात गुंडाळून होता. उलगडला, जाड मार्करनं आजची तारीख टाकली. घाईत शेवटचा आकडा वाकडाच आला. मग परत पळाला.

दारासमोर त्यानं एक टोक वर धरलं. दुसरं टोक खाली लोंबत होतं, आणि सगळं आंगण आत पाहून राह्यलं होतं. प्रभाकररावाचा हात कापडापाशी गेलता.

"रोशन, धर."

रोशन हालला नाई.

"धर न बे! तुह्या पाया पडतो."

रोशननं मोबाईल खिशात घातला आणि टोक धरलं.

दारात आता सहा फूट यामिनी उभी होती. खांद्यावरून मागं पाहत, कपाळावर एक बट. सगळे मोबाईल तिच्याकडं वळले. मालगाडीवर चढून गेलेल्यातले आता एक अण्णाजीच उरले होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. "हेच थे," म्हणाले. "अशीच होती." आणि पोरावानी रडले.

प्रभाकररावानं बाहेर डोकावून फ्लेक्स वाचला. "नातेवाईक आमी, अन शोकाकुल तू?" पण आवाजात जोर नव्हता. तो देवकाबाईले घेऊन आत वळला.

अंकुशची पाठ आतल्या बाजूले होती. देवकाबाईच्या बांगड्या वाजल्या. प्रभाकरराव हळूच म्हणाला, "अरे देवा."

कोणी हाक मारली नाई. कोणी ढकललं नाई. अंकुशची मान आपोआप वळली, आणि त्यानं पाहिलं. जे कोणाले दिसू द्यायचं नव्हतं, ते त्यानं डोळे भरून पाहिलं. फ्लेक्सच्या दुसऱ्या टोकाले रोशन त्याच्याकडं पाहत होता.

मग कापड परत ओढलं गेलं.

जाळून झाल्यावर दोघं मोक्षधामाच्या बाकावर बसले. रोशननं मोबाईल पुढं केला. "तूच काढून टाक."

अंकुशनं व्हिडिओ पुसला, मग मोबाईलमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. चालवून पाहिला नाई.

"पाहाचा नाई का?"

"पाहालं मी. तिथंच."

"माहीत हाये."

अंकुशनं मोबाईल त्याले वापस दिला.

"ती मले बेइमान समजूनच गेली," अंकुश म्हणाला.

"तू होताच बे. मीही होतो." रोशननं चपलेनं राख बाजूले सारली. "तू लिहितं न थे मोबाईलवर कायबाय? हे लिही. माहं नाव टाक, मी खिडकीपाशी उभा होतो थेही टाक. पन थे कसं होतं, थे नोको लिहू."

"नाई लिहीन," अंकुश म्हणाला. "तुही शपथ, रोशन. सगळं लिहीन, मी वळून पाहालं थेही लिहीन. चेहरा नाई लिहीन."