नक्षत्रनाथांची सिद्ध दुर्बीण

प्रताप नगरच्या मैदानात त्या संध्याकाळी एवढी गर्दी होती की कोणालाही वाटावं, इथे फुकट जेवण आहे. चपला लांब काढून ठेवलेल्या, हातात तेलाच्या वाट्या, आणि मधोमध लाल कापड गुंडाळलेली एक दुर्बीण. शेजारी पाटावर नक्षत्रनाथ महाराज. काळी कफनी, गळ्यात घोड्याच्या नालांची माळ, दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक पृथ्वीची वेळ दाखवतं आणि दुसरं शनीची, असं ते स्वतःच सांगत.

"प्रत्यक्ष शनिदेव! फोटो नाही, मूर्ती नाही, व्हिडिओ नाही! लाल दिसले तर कोपलेले, पांढरे दिसले तर प्रसन्न! तिरपं उभं राहा, एक नाम घ्या, डोळा लावा आणि बाजूला व्हा. टक लावून बघाल तर दृष्टी पडेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका!"

शनीच्या समोर उभं राहू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. देवळातसुद्धा लोक तेल वाहतात ते बाजूला सरकून. त्यामुळे रांगेतला प्रत्येक जण तिरपा होऊन डोळा टेकवत होता आणि चटका बसल्यासारखा मागे येत होता.

"लाल दिसला वं बाई!" आमच्या गल्लीतल्या यमुताई माझा हात धरून म्हणाल्या. "अंगावर काटा आला. कडं बी होतं, मोठ्ठं!"

मी हात सोडवून घेतला, नाहीतर ओरडलेच असते. रांगेत पुढे माझा धाकटा भाऊ वैभव उभा होता. त्याच्यासोबत बायको धनश्री आणि बारा वर्षांची रितिका. रितिकाला मिरगी आहे, झटके येतात. रोजच्या गोळ्यांवर ती शाळेत जायची, सायकल चालवायची, भांडायची. पाटावरच्या या माणसाच्या सांगण्यावरून दिवाळीपासून तिच्या गोळ्या बंद होत्या, आणि परवा ती वर्गात कोसळली होती.

हे सगळं सुरू झालं ते एका चांगल्या गोष्टीतून. धनश्रीचं माहेर भिवापूरचं. तिथे मिरच्या वाळवायच्या गच्चीवरून दिसणारं आभाळ पाहून रितिका वेडी झाली. वैभवने ठरवलं, घरात चांगली दुर्बीण घ्यायची. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा फोन मलाच.

"ताई, ही पाचशे पट मोठं दाखवते म्हणते. घेऊ का?"

"नको घेऊ. पट विचारू नको, आरसा केवढा आहे ते विचार. जितका रुंद आरसा, तितका जास्त उजेड गोळा होतो. आणि खालचा स्टँड घट्ट हवा. तो लटलटला की पाचशे पट लटलटतं. माझ्यासारखी सहा इंच आरशाची घे, लेकराला एकटीने वळवता येईल."

असे फोन पावसाळाभर चालले. मग एकदम बंद झाले. परवा धनश्रीने रडत सांगितलं तेव्हा कळलं की रितिकाची मिरगी बरी होईल म्हणून वैभवने महाराजांची 'सिद्ध दुर्बीण' घरी आणायचं ठरवलं आहे. मात्र आधी रितिकाला पांढरा शनी दिसला पाहिजे. आणि महाराजांचं म्हणणं असं, की औषध पोटात असेल तर ग्रह प्रसन्न होत नाही.

मी फाडफाड बोलले, तरी तो ऐकेना. म्हणून आज माझी दुर्बीण गाडीत टाकून आणली होती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ती मांडली आणि रितिकाला रांगेतून हाताला धरून घेऊन आले.

"ताई, काहून तमाशा करून राहिली?" वैभव मागे धावत आला. "आमचा नंबर येऊन राहिला न!"

"येऊ दे. तोवर हिला आभाळातला शनी बघू दे."

रितिकाने डोळा लावला. मग म्हणाली, "आत्या, हा तर एवढासा आहे. कडं बी नाही, नुसती रेघ. आणि सरकून राहिला!"

"सरकणारच. पृथ्वी फिरते ना. मिनिटभरात बाहेर जाईल, मग दुर्बीण थोडी ढकलायची. आणि कडं आहे, पण यंदा त्याची धार आपल्याकडे आहे. थाळी डोळ्यांसमोर आडवी धरली की काय दिसतं?"

"रेघ," ती म्हणाली, आणि तिने महाराजांच्या दुर्बिणीकडे पाहिलं. "मंग त्यायच्या दुर्बिणीत मोठ्ठं कडं कसं दिसून राहिलं?"

तेवढ्यात वैभवचा नंबर पुकारला गेला. मीही सोबत गेले. त्या दुर्बिणीचं तोंड कुठे होतं, हे तोवर कोणी बघितलंच नव्हतं. शनी दक्षिणेला आणि हे नळकांडं थेट कडुनिंबाच्या फांद्यांत.

"महाराज, मध्ये झाड आहे," मी म्हणाले.

"सिद्ध दुर्बिणीला आडकाठी नसते, माते. शंका हीच खरी पनवती."

महाराजांनी नळीला हात लावला, मंत्र पुटपुटला. रितिका पुढे झाली. पण तिरपी नाही, सरळ. तिने डोळा लावला आणि काढलाच नाही.

"बस झालं, बाजूला हो! दृष्टी पडेल!"

"बेटा, सर," वैभव तिचा खांदा ओढू लागला. तिने स्टँड घट्ट धरला होता.

"बाबा, थांबा न. हा हालतच नाही! बिलकुल नाही हालून राहिला!"

महाराज पाटावरून उठले. त्यांचा हात नळीवरून सुटला आणि रितिका ओरडली, "गेला! एकदम गेला!"

दुर्बिणीचं झाकण दोरीने लटकत होतं. मी ते उचलून तोंडावर घट्ट बसवलं. मग महाराजांचा हात जिथे असायचा तिथे बोट फिरवलं. कापडाखाली दाबायच्या बटणांसारख्या दोन गुंड्या लागल्या. एक दाबली.

"काय दिसतं रितिका?"

"लाल शनी."

दुसरी दाबली.

"पांढरा."

झाकण लावलेल्या दुर्बिणीतून! मी यमुताईंना बोलावलं, त्यांनी बघितलं. मग पुढचा माणूस, मग त्याच्या मागचा. मी डोळ्याची भिंगनळी उपसून काढली. आत नखाएवढी फिल्म चिकटवलेली, कडी ऐसपैस उघडी असतानाच्या शनीच्या एका फोटोची. नळकांड्यात तिच्या पुढे एक लाल आणि एक पांढरा दिवा, आणि घड्याळात घालतात तसला सेल. बस, एवढाच देव. गोळ्या बंद केल्या म्हणणाऱ्याला कधीतरी एके दिवशी पांढरी गुंडी, घेतो म्हणणाऱ्याला कायम लाल. आणि टक लावायची बंदी अशासाठी, की खरा ग्रह सरकतो आणि चिकटवलेला फोटो सरकत नाही, हे कोणाच्या ध्यानात येऊ नये.

"हे... हे भक्तांच्या सोयीसाठी आहे," महाराज म्हणाले. "ढग असले म्हणजे..."

"ढग?" धनश्रीचा आवाज फाटला. "माझी पोरगी वर्गात फेस येऊन पडली, तं तुम्ही म्हणालात पीडा बाहेर पडून राहिली! कोणती गुंडी होती वं ती, ताई? कोणती?"

महाराज गाडीकडे निघाले. लोकांनी वाट अडवली. पोलिसांना फोन मी केला. जादूटोण्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, तो कपाटात ठेवायला केलेला नाही.

तिथूनच आम्ही रितिकाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वैभवला ओरडून नाही, हळूच सांगितलं की मिरगीच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या की झटका थांबतच नाही, असंही होतं, आणि त्यात लेकरू जातं. वैभव खुर्चीत बसून राहिला. मला त्याची कीव आली नाही. संताप आला, आजही येतो. त्या भामट्याचा धंदाच फसवण्याचा आहे. पण दुर्बिणीचा आरसा केवढा, स्टँड कसा, हे महिनोन्महिने खोदून विचारणारा माझा भाऊ, पोरीच्या औषधाबद्दल एक प्रश्न विचारत नाही?

लोकहो, बाजारातून मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. महाराजांनाही वाजवून बघा. जो प्रश्न विचारू देत नाही, निरखून बघू देत नाही, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं. आभाळ बघायचं तर खुशाल बघा, मुलांना दाखवा. शनी आपल्या वाटेने चालला आहे, त्याला तुमचं नाव ठाऊक नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून औषध बंद करू नका.

डॉक्टरांनी दिलेली गोळी वैभवने स्वतःच्या हाताने तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, वरून पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मले कसंतरी होऊन राहिलं म्हणून मी तुमाले रोज सांगत होती, बाबा. तुम्ही मले सोडून त्याले काहून विचारलं?"