पंधरा अंश

कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तो मण्याएवढा चकचकीत गोळा हात हलवला की लुकलुकायचा, आणि ती मघापासून त्याच्याकडेच बघत होती — असे अकरा गोळे, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि भिंतीवरचे कॅमेरे फक्त त्यांना बघणार होते, तिला नाही. अकरा वर्षं देशाकडून खेळून, दोनशे सात बळी घेऊन शेवटी हे... एक बंद हॉल, प्रेक्षक नाहीत, फलंदाज नाही, समोर नुसत्या तीन यष्ट्या आणि मागे जाळी.

"नेहमी टाकता तसंच टाका," चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या. दाताच्या डॉक्टरचा आवाज — दुखणार नाही, म्हणणारा.

नेहमीसारखं! गेल्या महिन्यातही नेहमीसारखंच टाकलं होतं, आणि पंचांनी सामना संपल्यावर लिहून दिलं की उलटा चेंडू सोडताना हिचं कोपर जास्त सरळ होतं. मुभा पंधरा अंशांची. आत असलीस तर गोलंदाज, बाहेर गेलीस तर चेंडू फेकणारी. वर्तमानपत्रांनी चाचणीचीही वाट पाहिली नव्हती.

उलटा — आत येतोय असं वाटायला लावून बाहेर निघणारा. चौदाव्या वर्षी गच्चीवर दादाला टाकताना तो आपोआप हातातून निघाला, दादाची मधली यष्टी पडली, आणि बॅट तशीच खाली टाकून दादा ओरडला, "हे काय होतं? परत टाक!" — मला तरी कुठं माहीत होतं काय होतं ते, एवढंच कळलं की माझा वाकडा हात आज पहिल्यांदा कुणाला तरी नडलाय. तोवर तो मलाच नडायचा. सातव्या वर्षी कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारली, कोपर मोडलं, प्लास्टर निघालं तरी हात सरळ होईना. आईनं महिनोन्महिने तेल चोळलं, शेवटी तीच थकली. उडी मार म्हणणारा दादाच होता. अजूनही तो माझ्या उजव्या हाताकडे सरळ बघत नाही.

सकाळी त्याचाच फोन.

"आज उलटा जरा दाबून टाक. पंधराच्या आत बसेल."

"आणि सामन्यात?"

"सामन्यातलं सामन्यात बघू. तिथं कोण अंश मोजत बसलंय?"

"दादा, ही लबाडी आहे."

"लबाडी कसली गं! इतक्या वर्षांची मेहनत आहे तुझी. त्या एका उडीपायी..." पुढचं त्यानं गिळलं, आणि तिला वाटलं, याला माझं करिअर वाचवायचंय की स्वतःची सुटका करून घ्यायचीय? मग या विचाराची तिलाच लाज वाटली. फोन ठेवताना ती "बघते" म्हणाली होती.

आणि आता बघतच होती. साधे ऑफस्पिन झाले. मग सहा उलटे टाकायचे होते. पहिला दाबून टाकला, मनगट अर्धवट वळवून. चेंडू मुकाट्यानं सरळ गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला तज्ज्ञ बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "छान."

छान! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा असला चेंडू शाळेतल्या पोरीनंही सीमेपार धाडला असता, आणि तो छान... म्हणजे मी जेवढी वाईट, तेवढी निर्दोष?

"बाई, हे तीन खोडून टाका."

"का? आकडे अगदी चांगले आलेत."

"आकडे चांगले आलेत. चेंडू माझे नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "सल्ला देणं माझं काम नाही. पण नीट विचार करा."

"केला."

मग तिनं उलटे पहिल्यापासून सहाच्या सहा टाकले — पूर्ण खांद्यानं, पूर्ण मनगटानं. दोन भलतीकडे गेले, एकानं टप्पा पडताच बाहेरची वाट धरली आणि जाळी थरथरली. बाईंनी आकडे उतरवून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"अहवाल दोन आठवड्यांनी," कॅमेरे बंद करून त्या म्हणाल्या.

"आता इथं कुणी येणार आहे?"

"अर्धा तास तरी नाही. का?"

"थोडे अजून टाकते."

भीती गेली नव्हती. दोन आठवडे जाणारही नव्हती... बंदी आली तर? येऊ दे की, पण ती माझ्या चेंडूवर येऊ दे. तिनं चेंडू पँटला घासला, यष्ट्यांपुढे मनातल्या मनात एक फलंदाज उभी केली — डावखुरी, उर्मट, भक्कम — आणि कोपर किती सरळ होतंय याचा हिशेब महिन्याभरात पहिल्यांदाच न करता ती धावत सुटली.