विनीला शोधताना

मित्रांनो, लोक मला मेटल डिटेक्टर म्हणतात. एक लांब दांडा, खाली ताटलीएवढी गोल चकती, वर एक डबा आणि कानाला लावायचे हेडफोन, एवढाच माझा देह. जमिनीत धातू असला की मी वाजतो. आता माझं वय झालं आहे. दांडा सैल झाला आहे, आवाज घोगरा झाला आहे. अंग मोडून काम केलेल्या माणसाला जसं नुसतं बसून राहावंसं वाटतं, तसं मला वाटतं. पण बसण्याआधी माझी हकीकत तुमच्या कानावर घालावी म्हणतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी चकचकीत होतो. जॉर्जिया राज्यातल्या व्हर्नन नावाच्या शेतकऱ्याने मला दुकानातून घरी आणलं. अल्फारेटा गावाच्या कडेला त्याच्या आजोबांनी वसवलेलं शेत होतं. लाकडी घर, कोठार, दारात अंजिराचं झाड, आणि बाकी सगळीकडे लाल माती. बायको त्याला हसून म्हणाली, "आता तू सोनं शोधणार वाटतं!" व्हर्नन हसला नाही.

त्याला सोनं नको होतं. त्याला त्याची धाकटी बहीण शोधायची होती. तिचं नाव विनी. ती तीन वर्षांची असताना गोवराने गेली. व्हर्नन तिच्याहून थोडाच मोठा. त्यालाही गोवर झाला होता, तापाने तो अंथरुणात पडून होता. खिडकीतून त्याला एवढंच दिसलं, की वडील खांद्यावर एक लहानशी पेटी घेऊन शेताकडे चालले आहेत. कबरीवर लावायला दगड विकत आणायची ऐपत नव्हती. वडिलांनी तांब्याच्या पत्र्याचा तुकडा कापला, खिळ्याने टोचून टोचून त्यावर तिचं नाव काढलं आणि तिथे रोवला. त्यानंतर त्या घरात विनीचं नाव कोणी घेतलं नाही. वडिलांचा चेहरा पाहून व्हर्ननलाही विचारायचा धीर झाला नाही. आईवडील गेले, आणि ती जागा त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून दर रविवारी चर्चहून आला की व्हर्नन मला घेऊन शेतात उतरायचा. जॉर्जियाच्या त्या लाल मातीत लोखंडाचा अंश फार. ती मला सारखी फसवायची. मी वाजायचो, तो खणायचा, आणि निघायचं काय? खेचराचा नाल, काटेरी तारेचा तुकडा, लोणच्याच्या बरणीचं झाकण. एकदा शेजारणीची हरवलेली अंगठी मी काढून दिली, तेव्हा चर्चमध्ये माझं केवढं कौतुक झालं! पण व्हर्नन पुढच्या रविवारी पुन्हा मला घेऊन शेतात उतरला.

वर्षं गेली. शेत परवडेना, तसे त्याचे तुकडे विकले गेले. पूर्वेच्या अंगाला नवी कोरी घरं उभी राहिली. लोकांच्या कुंपणाआड जाऊन कसं शोधायचं, म्हणून व्हर्नन उरलेल्या जमिनीतच फिरत राहिला. बायको गेली. मग त्याचे गुडघे गेले. मी कोठारात एका खिळ्याला लटकलो तो लटकलोच. गांधीलमाशीने माझ्या हेडफोनमध्ये मातीचं घर केलं. पोटातले सेल तसेच राहिले आणि फुटून त्यांचं पाणी आतल्या तारा खाऊ लागलं. मित्रांनो, आपला कोणाला उपयोग नाही, असं वाटत नुसतं लटकत राहणं हे कामापेक्षा जास्त थकवणारं असतं.

एक दिवस कोठाराचं दार उघडलं. व्हर्ननबरोबर मोरेश्वर काका होते. ते मूळचे नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलगी सावनी आणि जावई शंतनू त्यांना अल्फारेटाला घेऊन आले होते. व्हर्ननच्या कुंपणाला लागून, त्याने पूर्वी विकलेल्या तुकड्यावर त्यांचं घर, आणि घरात छोटी नात इला. दोघं म्हातारे रोज कुंपणाशी उभे राहून बोलायचे. विनीची गोष्ट व्हर्ननने काकांना तिथेच सांगितली होती. व्हर्ननला मोरेश्वर म्हणता येईना, तो 'मोर' म्हणायचा. काका त्याला भाऊ म्हणायचे. मराठी मी शिकलो ती याच काकांच्या सहवासात.

व्हर्ननने उरलेली जमीनही विकली होती. उन्हाळा संपता संपता बुलडोझर येणार होते आणि तो टेनेसीला मुलीकडे राहायला जाणार होता.

"मोर, माझ्याच्याने हा आता उचलवत नाही," तो म्हणाला. "जाण्याआधी एकदा सगळीकडून फिरवून देशील?"

"फिरवतो की, भाऊ," काका म्हणाले.

काकांनी माझे सेल काढले, गंज पुसला, काडीने माशीचं घर कोरून काढलं, नवे सेल घातले. इतक्या हळुवारपणे मला कोणी हाताळल्याला जमाना झाला होता. मग आम्ही फिरलो. व्हर्नन सावलीत खुर्ची टाकून बसायचा आणि मी वाजलो की मान वर करायचा. नाल. तार. झाकण. त्याची मान पुन्हा खाली जायची. ते पाहून मला वाजायचीच भीती वाटू लागली.

एका दुपारी काका मला सरावासाठी घरी घेऊन आले. त्यांच्या मागच्या अंगणात पॅटिओ, म्हणजे बसण्यासाठी काँक्रीटची फरसबंदी, व्हायचा होता. दोरी लावून जागा आखून ठेवली होती. गवताला पाणी देणाऱ्या नळाची मातीत दडलेली पितळी तोटी मला सापडते का, हे काका पाहत होते. कुंपणाजवळ, आखलेल्या दोरीच्या आत, मी वाजलो. लोखंडावर मी खरखरतो. हा आवाज तसा नव्हता. घंटेसारखा स्वच्छ होता.

काकांनी खुरप्याने वीतभर माती काढली. हिरवा पडलेला पत्रा वर आला. अंगठ्याने माती पुसली, तेव्हा टोचलेली वाकडीतिकडी अक्षरं दिसली. काकांनी ती एकेक करून वाचली: विनी.

सावनी ऑफिसचा कॉल संपवून बाहेर आली. काकांनी तिला सगळं सांगितलं. तिने वाकून तो पत्रा पाहिला.

"बाबा, प्लीज. हे होतं तिथे परत ठेवा," ती म्हणाली. "सोमवारी काँक्रीट पडेल. कोणाला कळणार नाही."

"अगं, तो माणूस जन्मभर..."

"मला कळतंय. पण आमचंही बघा ना. ग्रीन कार्डचा पत्ता नाही, शंतनूच्या टीममध्ये लेऑफ चाललेत. उद्या घर विकायची वेळ आली तर बॅकयार्डमध्ये कबर आहे म्हणून सांगू? आणि इलाला काय सांगू? ती इथे खेळते यार, बाबा!" तिचे डोळे भरून आले. "मी खूप दमलेय. मला आणखी काही नकोय."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं. घर तुमचं आहे. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही."

त्यांनी पत्रा परत ठेवला आणि माती सारखी केली.

संध्याकाळी व्हर्ननने विचारलं, "मोर, काही वाजलं का?"

"नाही, भाऊ," काका म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

मित्रांनो, सापडलं की सांगायचं, हे माझं एकच काम. आयुष्यात पहिल्यांदा खरं सापडलं, आणि मी भिंतीला टेकून मुका उभा होतो. त्या दिवशी मी जितका थकलो, तितका अख्ख्या लाल मातीने मला थकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी व्हर्नन निरोप घ्यायला आला. शेवटची अंजिरं टोपलीत घालून आणली होती. शंतनूने त्याला आत बसवलं, सावनीने चहा केला. काका एका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. इला घरभर धावत होती, सोफ्यावरून उड्या मारत होती.

"इला, स्टॉप इट!" सावनी ओरडली.

"राहू दे, राहू दे," व्हर्नन म्हणाला. त्याचं इंग्रजी मी तुम्हाला मराठीत सांगतो. "आमची विनी अशीच होती. एक घटका शांत बसायची नाही. मी आता शोध सोडला. पण ती जिथे कुठे आहे, तिथे वर कोणाचं तरी मूल असं नाचत असू दे. एकटीला तिला करमायचं नाही."

सावनीने हातातली कपबशी ओट्यावर ठेवली. तिने शंतनूकडे पाहिलं. त्याला तिने आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

"मिस्टर व्हर्नन," ती म्हणाली, "माझ्याबरोबर जरा मागे येता?"

काका झटकन उठले. त्यांनी मला उचललं, अंगणात त्या जागी नेलं आणि हेडफोन व्हर्ननच्या कानावर चढवले. मी वाजलो. जीव खाऊन वाजलो. व्हर्ननचा चेहरा मला खालून दिसत होता. त्याला खणून दाखवायची गरजच उरली नाही. नालावर मी कसा वाजतो, ते त्याला पुरतं पाठ होतं.

गुडघे वाकत नव्हते, म्हणून काकांनी आणि शंतनूने त्याला दोन्ही बाजूंनी धरून खाली बसवलं. काकांनी माती सारून पत्रा वर काढला आणि त्याने तो तळहातावर घेतला.

"एवढासा आहे," तो म्हणाला. "मला वाटायचं, मोठा असेल." आणि मग त्याने तिला मोठ्याने हाक मारली, "विनी!"

इला दबकत जवळ आली. "आजोबा, इज समवन स्लीपिंग इन अवर बॅकयार्ड?"

"हो, बाळा," काका म्हणाले. "तुझ्याहून लहान आहे."

"शी कॅन स्टे," इला म्हणाली.

सावनीने तिथूनच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला आणि सोमवारचं काम कॅन्सल केलं. पुढे काउंटीची, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीची, माणसं आली, पाहून गेली, थोडी धावपळ झाली. पॅटिओ घराच्या दुसऱ्या बाजूला झाला, थोडा लहान झाला. सावनीला काही दिवस संध्याकाळी मागची खिडकी उघडवेना. घराचं पुढे काय होईल, ही चिंता तिला अजून आहे. नाही असं मी म्हणणार नाही. पण पत्र्याभोवती तिनेच विटांची एक ओळ लावली.

व्हर्नन टेनेसीला गेला. त्याचं जुनं घर, कोठार, सगळं बुलडोझरखाली गेलं. आता मी काकांच्या गॅरेजमध्ये उभा आहे. काकांनी माझे सेल काढून ठेवले आहेत. कोणाची वस्तू ठेवून द्यायची असेल तर अशी ठेवावी.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. घरातली मोठी माणसं काही गोष्टी बोलत नाहीत. त्यांच्या चेहऱ्याला भिऊ नका. जवळ बसा आणि विचारा, कोण होतं, कुठे आहे, नाव काय होतं. ती रडतील, कदाचित रागावतीलही, पण सांगतील. माणसं आहेत तोवर माणसांनाच विचारा. मातीला विचारत फिरायची पाळी कोणावर येऊ नये. तिला उत्तर द्यायला फार वेळ लागतो, आणि तोवर विचारणारा थकून जातो.