स्पिरिटचा बोळा

कापसाचा बोळा पाठीवर फिरतोय हे मला फक्त वासावरून कळलं... स्पिरिटचा वास... आणि मागून डॉक्टर मृणालिनी विचारत होत्या, "गार लागतंय, नितेश?"

"नाही."

"झकास. ब्लॉक मस्त बसलाय."

सकाळी मणक्याचं ऑपरेशन झालं, आत चार स्क्रू, आणि पाठ म्हणजे शेजाऱ्याची असावी तशी, आहे पण आपल्याला काय त्याचं. टेबलावरच त्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शन देऊन नसा झोपवल्या होत्या. आता म्हणाल्या, "ब्लॉक उतरायला लागला की लगेच गोळी माग. सहन करत बसू नकोस."

सहन... या शब्दाला माझ्याकडे एकच चेहरा आहे, आणि तो समोरच स्टुलावर बसला होता. बाबा. मांडीवर गुंडाळलेला टॉवेल, दुखलं की मी दातांत धरावा म्हणून आणलेला.

"दुखता काय रे?"

खोटं बोलावंसं वाटलं. थोडं दुखतंय म्हणावं. कारण वीस वर्षांपूर्वी ह्याच ऑपरेशननंतर बाबांना असलं काही मिळालं नव्हतं, कांदिवलीच्या एका खोलीत ते पालथे पडून ओरडायचे आणि मी, आठ वर्षांचा, रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवायचो – वाढवत जायचो – कार्टून बघत. बघत कसलं, समोर बसून.

"नाही दुखत, बाबा. अजिबात नाही."

बाबांनी ट्रेमधला बोळा उचलला, स्वतःच्या मनगटावर टेकवला. "गार तर आसा," ते डॉक्टरांकडे बघून म्हणाले, आणि हसले. डॉक्टरही हसत पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग मी बोलून गेलो, "बाबा, तेव्हा टीव्हीचा आवाज मी मोठा करायचो."

"म्हायत हा माका." ते टॉवेलची घडी घालत होते. "बरा करायचंस. शेजाऱ्यांका ऐकू जायचा नाय. माका मोकळेपणान बोंबलूक मिळायचा."

पाठीत काहीच नव्हतं.  रात्री पाठ परत येईल. गोळी मागेन. त्यातूनही दुखलं तर ओरडेन, बाबांसमोर, पहिल्यांदाच... आणि ह्या खोलीत टीव्ही नाही, हे आत्ता लक्षात आलं, आणि बरं वाटलं.