पायलच्या दाढेखालची लवंग

पायल वानखडेचं तोंड बंद ठेवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. उतू जाणारच! अमरावतीच्या कोचिंग क्लासच्या काउंटरवर होती तेव्हा फी विचारायला आलेल्या बाया घरची सगळी रडगाणी सांगून जायच्या आणि पायल त्यांना सल्ले देऊन पाठवायची. कुणीतरी म्हणालं, पोरी, तुझ्यात लोकांना बोलतं करायचा गुण आहे. झालं, पोरीनं चित्रोपचाराच्या प्रशिक्षणात नाव घातलं. लोकांनी गटात बसून चित्रं काढायची आणि त्या निमित्तानं मन मोकळं करायचं, असं ते काम. तिथं गेल्यावर कळलं की बोलायचं लोकांनी, आपण नाही. आता आली का पंचाईत!

दर महिन्याला पुण्याहून शिकवायला येणाऱ्या दामिनी मॅडम एकच मंत्र घोकून घ्यायच्या. "चित्राचा अर्थ आपण सांगायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. शांतता पडली की ती पडू द्यायची."

पहिल्या सरावात एका काकूंनी बिनपानांचं झाड काढलं. पायलचे डोळे लगेच भरून आले. "काकू, मुलगा बाहेरगावी असतो ना? एकटं वाटतं ना?" काकू म्हणाल्या, "अवं, पानं काढाचीच हायेत. हिरवा खडू त्यायच्याजवळ हाय." दुसऱ्या सरावात तर कहरच. गटातल्या एका बाईंच्या भाचीसाठी पायलनं आपल्या चुलतभावाचं स्थळ सुचवलं. स्थळ जुळलं, पण पायल नापास झाली.

आता शेवटची संधी होती, अकोल्याच्या विरंगुळा केंद्रात, म्हाताऱ्यांच्या गटासमोर. जमलं तर तोच गट दर आठवड्याला तिच्या हाती येणार. तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण. पायलला तो गट मनापासून हवा होता. अमरावतीच्या घरी तर बोलायला कुणी नव्हतंच. मागच्या वर्षी आई गेली आणि वडील, धर्मपाल, तेव्हापासून फक्त 'हूं' म्हणायचे. पायल सकाळपासून निजेपर्यंत बोलायची, ते 'हूं' म्हणायचे. असा त्यांचा संसार चालला होता.

त्या दिवशी तिनं जालीम उपाय केला. दाढेखाली लवंग धरली. बोलावंसं वाटलं की लवंग चावायची.

गट गोलाकार बसला. दामिनी मॅडम मागे भिंतीशी. पायल म्हणाली, "आठवणीतली एखादी जागा काढा. घाई नाही." आणि गप्प बसली.

गटात खुशालराव आणि लीलाबाई हे नवरा-बायको होते आणि त्यांचा अबोला अख्ख्या केंद्राला पाठ होता. खुशालरावांनी विहिणीच्या पंगतीत लीलाबाईंच्या रोडग्यांना कच्चे म्हटलं होतं. गोवऱ्यांच्या आरावर, धुरात डोळे फोडून भाजलेले कणकेचे रोडगे! विहिणीसमोर! तेव्हापासून दोघांमधली बोलणी शेजारच्या केशरबाईंमार्फत चालत.

"केशरबाई, त्यायले सांगा, चष्मा खिशातच हाय."

"केशरबाई, तिले सांगा, मले दिसते."

पायलच्या जिभेवर तोडगा अगदी तयार होता. तिनं लवंग चावली. डोळ्यांत पाणी आलं.

खडू कागदांवर फिरत होते. बाकी चिडीचूप. पण आपल्याकडे तरणीताठी पोरगी गप्प बसते ती दोनच कारणांनी. रुसली तरी असते, नाहीतर घरी काही बरंवाईट झालेलं असतं. म्हाताऱ्यांच्या माना हळूहळू वर आल्या.

"पोरगी रुसली वाटते," केशरबाई कुजबुजल्या.

"रुसली नाई," लीलाबाई म्हणाल्या, "उपाशी हाय. डोयात पानी पाय तिच्या."

"उपाशी गिपाशी नाई," खुशालराव म्हणाले, "घरी भांडून आली असन."

"तुमाले लय कयते भांडनातलं!" लीलाबाई फणकारल्या. "भांडन लावून देनारे तं तुमीच!"

केशरबाईंचा खडू हातातच राहिला. लीलाबाई थेट बोलल्या होत्या! मधे कुणीही नसताना! लीलाबाईंनाही ते कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पायलला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिनं लवंगेचा पार भुगा केला आणि खुर्ची घट्ट धरून बसली.

खुशालराव खाली मान घालून रंगवत राहिले. मग त्यांनी कागद हळूच पुढे सरकवला. त्यावर काळेकाळे गोळे होते आणि वर राखाडी धूर. शांतता लांबत गेली, लांबत गेली, आणि शेवटी कुणालातरी ती सोसवेना.

"आजोबा, हे काळे गोळे म्हणजे मनातली भीती आहे का?"

सगळ्या माना मागे वळल्या. दामिनी मॅडम! स्वतःच! मॅडमनी जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"भेव कायचं बाई?" लीलाबाई कडाडल्या. "रोडगे हायेत थे माहे!"

"हो," खुशालराव म्हणाले. "अन् कच्चे नवते. माह्या दाढा हालून राहिल्या होत्या. चाबल्या जाये ना. आता थे काय विहिणीसमोर सांगू?"

लीलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आगं माय! मंग मले तं सांगाचं! वरनात भिजवून देल्ले असते ना!"

गट हसून हसून लोळायचा बाकी राहिला. केशरबाईंनी जाहीर केलं की आजपासून निरोप्याची नोकरी सोडली. पायलनं एवढंच विचारलं, "अजून कुणाला काही सांगावंसं वाटतंय?" आणि पुन्हा गप्प बसली.

बाहेर आल्यावर दामिनी मॅडम म्हणाल्या, "पास. आणि माझं ते भीतीचं वाक्य बॅचमध्ये कुणाला सांगू नकोस."

अमरावतीच्या एसटीत पायल ते वाक्य कुणाकुणाला सांगायचं हेच ठरवत होती. घरी पोचली, चहा टाकला, बाबांसमोर बसली. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, इथंही करून बघू.

टीव्ही चालू होता. धर्मपालनी तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग टीव्ही बंद केला.

"काहून वं, नापास झाली?"

"नाही बाबा. पास झाली."

जिभेखाली मुंग्या आल्या आणि लवंग तर कधीच संपली होती. पायल तरी बोलली नाही. चहावर साय धरली.

"तुही माय गेली तवापासून तू सारखी बोलून राहिली," धर्मपाल म्हणाले. "मले वाटे, थांबली तं पोरगी रडन. म्हनून मी मधात बोलत नवतो."

आपण बोलत होतो ते बाबा रडू नयेत म्हणून, हे तिला सांगायचं होतं. तिनं नाही सांगितलं.

"तुही माय बी अशीच होती," बाबा म्हणाले. "लगीन झालं त्या दिवशी मांडवात वंदना म्हनून भन्तेजी थांबले, पन तुही माय बोलाची थांबेना. सांगू का तुले?"

"हूं," पायल म्हणाली.