राजीवने गाडी का सोडली

खोटं बोलावं तर बेतानं, एवढं साधं चित्राला सुचलं नाही. नवरा पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला. न्यायाधीशबाईंनी परवाना काढून घेतला आणि बजावलं, की दर गुरुवारी शेजारच्या टॅला गावातल्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचं, सहा महिने थेंबही घ्यायचा नाही, नाहीतर तुरुंग. आता हे परदेशातल्या या क्लोनडॉकिन गावच्या मराठी मंडळींना कुठल्या तोंडाने सांगायचं? चित्राने ठोकून दिलं, "राजीवने पर्यावरणासाठी गाडी सोडली."

झालं! पावसात सायकल हाकणारा राजीव तिथल्या मराठी मंडळाचा आदर्श ठरला. त्याचं पाहून सायकल कुणी घेतली नाही, पण शाल आणि श्रीफळाची सोय मात्र तातडीने झाली. राजीव बिचारा एकही गुरुवार चुकवत नव्हता. पाच महिने कोरडे गेले होते, कोर्टाची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. चित्रा रोज हळूच त्याचा श्वास हुंगायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून चहा टाकायची.

दिवाळीच्या जेवणाला भर दुपारी हॉलमध्ये सत्कार झाला. शाल खांद्यावर पडते न पडते तोच मंडळाचा अध्यक्ष हर्षवर्धन याने राजीवच्या हातात व्हिस्कीचा ग्लास कोंबला.

"नको रे."

"नको काय? आम्ही गाड्या घेऊन आलोय, तरी घेतोय. तुला कुठे चालवायचीय? काही होत नाही, यू आर ग्रँड, बॉस!"

सगळे हसले. 'गाडी चालवायची आहे' ही नाही म्हणायची एकमेव सभ्य सबब, आणि तीच चित्राने नवऱ्याकडून काढून घेतली होती. राजीवने ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"देऊ नका त्याला!" चित्रा ओरडलीच. "पर्यावरण-बिर्यावरण काही नाही. दोनदा पिऊन गाडी चालवताना सापडलाय तो. ट्रीटमेंट चालू आहे. आज प्यायला तर आत जाईल."

राजीवने ग्लास खाली ठेवला आणि सुटल्यासारखा खुर्चीत बसला. मग सहानुभूतीचा पूर आला. हर्षवर्धनने तर चौथा पेग भरता भरता संयमाचं महत्त्व समजावून सांगितलं.

निघताना तो चावी फिरवत आला. "चला, तुम्हाला घरी सोडतो. आम्ही पुढे नास गावाला जातोच आहोत." त्याची बायको स्वरूपा लेकीला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावत होती.

राजीव गाडीच्या दारासमोर उभा राहिला. "चावी स्वरूपाला दे."

"का? मी काय तुझ्यासारखा व्यसनी आहे?"

"पहिल्यांदा सापडलो तेव्हा मीही पोलिसाला हेच विचारलं होतं," राजीव म्हणाला.

स्वरूपाने लेकीचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला, आणि वळून नवऱ्यापुढे हात पसरला.